भिंतीवरचा मल्लय्या

गिरिजाबाई ही माझ्या आईची सासू, पण माझ्या वडिलांची आई नव्हे. असं सांगितलं की माणसं गोंधळतात, मनातल्या मनात नाती जुळवून बघतात आणि जुळली की घाईघाईनं दुसराच विषय काढतात. विषय बदलण्यासारखं त्यात काही नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात उडकी चालते, म्हणजे नवरा गेलेल्या बाईचं पुन्हा लग्न लागतं. माझ्या आईचं लागलं. ते तिच्या पहिल्या सासूनं, ह्या गिरिजाबाईनं, स्वतःच्या दारात लावून दिलं, म्हणून मी आहे. मी तिला आज्जी म्हणायची. रक्ताच्या आज्यांपेक्षा हीच मला जास्त आठवते, आणि रागही हिचाच जास्त येतो.

रागाचं आधी सांगून टाकते. आज्जी गोड स्वभावाची होती असं कुणी म्हणालं, तर त्यानं तिच्या हातची विभूती घेतली असेल, बोलणं ऐकलं नसेल. उंच, हडकुळी बाई. नखांत कायम राख. तिनं एकदा मनाशी ठरवलं की पुढं बोलणाऱ्याचं पालथ्या घड्यावर पाणी. ह्या हट्टापायी तिनं माझ्या आईची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. आणि मग जे केलं, ते तिच्या जागी मी असते तर मला जमलं नसतं. म्हणून हे लिहायला बसले.

घर जळकोटला, सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या सडकेपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आज्जीचा नवरा बसप्पा लवकर वारला, पण घराण्याचं काम तिनं सोडलं नाही. काम विभूती करण्याचं. घरामागं दगडी भिंतीचं आवार होतं. तिथं गाईच्या शेणाच्या गोवऱ्या वाळत आणि एका खड्ड्यात मंद मंद जळत. राख पांढरी होईपर्यंत हात लावायचा नाही. मग ती फडक्यातून गाळायची, पाण्यात कालवायची, निवळली की वरचं पाणी काढून टाकायचं, मळायची आणि गोळ्या वळून सावलीत ठेवायच्या. रोज कपाळाला लावायची ती ही विभूती. गावातली लिंगायतांची सगळी कपाळं आज्जीच्या हातची होती म्हणा ना.

दुसरी एक विभूती असे, ती मातीची, म्हणजे माणसाला पुरतानाची. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून पुरतात, त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्याच हातात देऊन. खड्ड्यात बेलाची पानं घालतात आणि विभूतीचे उंडे ठेवतात. हे उंडे मुठीएवढे. त्यांच्यावरचे बोटांचे ठसे तसेच राहू द्यायचे, गुळगुळीत करायचे नाहीत. आणि आज्जीच्या घरची रीत अशी होती की मेल्याचा सांगावा आल्याशिवाय असला उंडा वळायचा नाही. आधी करून ठेवणं म्हणजे मरणाला आवतण. त्यामुळं आवारात ठशांचे उंडे दिसले की भिंतीपलीकडून जाणारा थांबून विचारायचा, "कोन गेलं?"

ह्याच भिंतीवर मल्लय्या यायचा. त्याला थिरथिरा म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. चिमणीएवढा पक्षी. वरून काळा, पोट आणि शेपूट तांबूस, राखेखाली इंगळ असावा तसा. भिंतीवर बसला की पुढं वाकायचा आणि शेपूट थरथरवायचा. टुणकन खाली येऊन शेणाजवळचा किडा उचलायचा, पुन्हा वर जाऊन वाकायचा. दसऱ्याच्या मागंपुढं दिसायला लागायचा आणि गुढीपाडव्याच्या आधी नाहीसा व्हायचा. उन्हाळ्यात सगळं गाव पालथं घातलं तरी सापडायचा नाही.

तो जातो कुठं, ह्याबद्दल जळकोटच्या लिंगायतांना तिळभर शंका नव्हती. श्रीशैलाला जातो. आमचा मल्लिकार्जुन तिथं, कृष्णेपलीकडच्या डोंगरात. फाल्गुनात गावातली माणसं कावडी घेऊन पायी श्रीशैलाला निघतात, आणि नेमका तेव्हाच हा निघतो. जाताना अंग कुळकुळीत काळं असतं. दसऱ्याला परत येतो तेव्हा त्याच काळ्या पिसांवर करडी झाक असते, राख फासल्यासारखी. म्हणजे डोंगरावरून विभूती लावून आला. हातच्या काकणाला आरसा कशाला? नवी पिसं निघतात तेव्हा त्यांच्या कडाच करड्या असतात आणि हिवाळाभर त्या झिजत जातात, हे कुणी सांगितलं असतं तरी गावानं ऐकलं नसतं. राखेत हात घालून जगणाऱ्या माणसांना राखच दिसणार. त्यांनी त्याचं नावही मल्लिकार्जुनावरून मल्लय्या ठेवलं.

आज्जीला एकच मुलगा, शिवलिंगप्पा. त्याची बायको चन्नम्मा. ती माझी आई. माहेर आळंदकडचं, लग्न होऊन आली तेव्हा कानडीच जास्त बोलायची. शिवलिंगप्पा तिला मराठी शिकवायचा आणि ती चुकली की हसायचा. ह्याखेरीज तिनं त्याच्याबद्दल मला फारसं सांगितलं नाही. एक मात्र पुन्हा पुन्हा सांगायची. राख गाळायच्या फडक्याची दशी सुटून मल्लय्याच्या पायात अडकली होती, आणि तो भिंतीला उलटा लोंबकळत फडफडत होता. आईनं त्याला मुठीत धरलं आणि शिवलिंगप्पानं चाकूच्या टोकानं एक एक सूत कापलं. आई म्हणायची, "मुठीत कायबी हाय असं वाटत नव्हतं बग. नुसतं काळीज उडत हुतं." पक्षी सुटला, पण त्या पायाचं मागचं बोट वाळून गळून गेलं. नंतर तो एका अंगाला कलून बसायचा. त्याला लंगडा मल्लय्या म्हणायला लागले.

त्याच फाल्गुनात, चव्वेचाळीस साली, शिवलिंगप्पा कावड घेऊन निघाला. बरोबर त्याचा चुलतभाऊ शरणप्पा आणि गावची चार माणसं. लंगडा एक-दोन दिवसांपूर्वीच गेला होता. निघताना शिवलिंगप्पा बायकोला म्हणाला, "मल्लय्या फुडं गेलाय. पन त्याच्या आदी म्या परत येतो का न्हाई बग."

वैशाखात शरणप्पा आणि बाकीचे आले. शिवलिंगप्पा आला नाही. कृष्णा ओलांडल्यावर जंगलाच्या वाटेला पटकीची साथ लागली होती. शिवलिंगप्पाला ढाळ लागले, चालवेना. वाटेवरच्या एका मठात त्याला ठेवलं. दुसरेही आजारी होते, त्यांना घेऊन पुढं जाणं भाग होतं. परतताना मठात गेले तर तो तिथं नव्हता. शरणप्पा पावसाळ्याच्या आधी पुन्हा एकदा एकटा गेला, जीव तोडून शोधून आला. मठ सांभाळणाऱ्या अय्यांनी, म्हणजे तिथल्या स्वामींनी, सांगितलं, किती आले, किती पुरले, किती उठून आपल्या पायांनी गेले, नावं कुणी विचारायची? खूण म्हणावी तर गळ्यातलं लिंग, आणि ते ज्याचं त्याच्याबरोबर मातीत जातं. शरणप्पानं आज्जीच्या पायावर डोकं ठेवलं. आज्जी म्हणाली, "रडतोस कशाला? मेला म्हनून कुनी सांगितलं तुला?"

देव पाण्यात घालून बसणं म्हणतात ना, ते आमच्यात होत नाही. आमचा देव गळ्यात. आज्जी भिंतीकडं तोंड करून बसली. आणि दसऱ्याच्या सुमाराला लंगडा मल्लय्या आला. तोच, कलून बसणारा, अंगावर राख.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, पक्षी आला आणि लेक आला नाही, ठरल्यापेक्षा उलटं झालं. आता समजून घ्यावं. आज्जीनं ते आपल्या बाजूनं फिरवून घेतलं. "लंगडा आला. डोंगरावरनं आला. ज्यानं त्याला सोडवलं त्याला मरनाच्या दारात सोडून यील का त्यो? शिवलिंग हाय तितं. त्यो बी येनार." आणि त्याच दिवशी तिनं कासारणीला, कस्तुराबाईला, बोलावून आईच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या भरल्या.

तेव्हापासून ती रीतच झाली. लंगडा भिंतीवर दिसला की कस्तुराबाई दारात. गावानंही ते मान्य केलं. जी गोष्ट सगळ्यांना आधीपासून माहीत आहे तिला पुरावा कोण मागतो? मल्लय्या श्रीशैलाहून येतो, तर श्रीशैलाची खबरही तोच आणणार. आईनं हात पुढं करायचा, कस्तुराबाईनं बोटं दाबून बांगड्या चढवायच्या, आज्जीनं शेजारी उभं राहून बघायचं. आईच्या हातावर कासारणीच्या अंगठ्याचे वळ दोन दिवस राहायचे.

मी मोठी झाल्यावर आईला विचारलं, "तुला काय वाटायचं गं?" ती म्हणाली, "पयल्यांदा लई आठवन यायची त्येंची. मग एक दिवस तोंडच आठवंना. आवाज आठवायचा, तोंड न्हाई. मग लंगडा आला की भ्या वाटाया लागलं."

दर दिवाळीला आईचा भाऊ महांतप्पा आळंदहून यायचा. त्याच्याकडं आईसाठी एक स्थळ होतं: ईटचा भीमाशंकर, शेती करून असलेला, बायको बाळंतपणात गेलेली. माणूस शांत होता, थांबायला तयार होता. पण उडकी लागायची तर पंचांसमोर सासरच्या माणसानं सांगायला हवं की आमचा माणूस गेला, पोर मोकळी. शिवलिंगप्पाच्या घरात सांगणारं माणूस एकच, त्याची आई. तिनं तोंड उघडलं की आई मोकळी. नाही उघडलं तर आई जन्मभर जिवंत नवऱ्याची बायको, आणि तो नवरा तिला कधी दिसणार नाही.

महांतप्पा ओसरीवर बसून म्हणायचा, "मावशी, पोरीचं कायतरी बगा. आजून तिचं सारं आयुश्य पडलंय."

"तिचा नवरा आल्यावर बगंल की."

"पन मावशी, इतकी वरसं..."

"भितीवर बसलाय त्यो दिसतो का तुला?" आज्जी विचारायची.

"दिसतो."

"मग लेकाला मेला म्हनू म्या? कोनत्या तोंडानं म्हनू?"

महांतप्पा बहिणीकडं बघायचा. ती खाली मान घालून राख गाळत असायची. तो फराळाचं गाठोडं ठेवून निघून जायचा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तर हद्द झाली. रझाकारांच्या धास्तीनं गावातली किती तरी घरं कुलपं घालून हद्दीपलीकडं सोलापूरकडं गेली. शरणप्पा गाडी जुंपून दारात उभा राहिला. आज्जी हलली नाही. म्हणाली, "शिवलिंग आला आन् घर बंद दिसलं तर कुटं जाईल त्यो?" शरणप्पा म्हणाला, वैनीला तरी पाठवा. तर म्हणाली, "आन् बायको न्हाई दिसली तर?" ते चार-पाच महिने आईनं दाराला आतून कडी घालून काढले, वाजलेल्या प्रत्येक पावलाला कान लावून. काही झालं नाही. पण झालं असतं तर? आज्जीनं नंतर काहीही केलं असलं, तरी मी तिला एवढं माफ करणार नाही.

भाद्रपदात हिंदुस्थानी फौज सडकेनं नळदुर्गावरून आली, आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गेलेली माणसं हळूहळू परत आली. सडकेच्या राखणीसाठी काही शिपाई गावाबाहेर तंबू ठोकून राहिले होते. त्यातला एक दसऱ्याच्या सुमाराला भर दुपारी पाणी मागायला आज्जीच्या दारात आला. बुटका, गोरा, गालांवर लाली, बारीक डोळे. आई विहिरीवर गेली होती, म्हणून आज्जीनंच त्याला मागच्या आवारात सावलीला बसवून पाणी दिलं. दुपारच्या उन्हात भिंतीवर लंगडा बसला होता. आदल्याच दिवशी आला होता. कस्तुराबाईला निरोपही गेला होता.

पुढचं सगळं मला आज्जीनंच सांगितलं, आणि दर वेळी अगदी तेच शब्द सांगायची. शिपायानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि तसाच खाली ठेवला. पक्ष्याकडं बघून तो हसायला लागला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माई, ये यहाँ? ये तो हमारे घर का है."

बाजारहाटामुळं आज्जीला दखनी चांगली यायची. ती म्हणाली, "ये हमारा मल्लय्या है. श्रीशैल के डोंगर पे जाता, आता."

"नहीं माई. हमारा मुलुक ऊपर है, एकदम ऊपर, जहाँ बरफ पड़ता है." आज्जीला बर्फ कळेना. त्यानं खूप समजावलं. शेवटी गारांवरून तिला कळलं: गारा पडतात तसं, पण घरादाराच्या वर ढीग, आणि सहा महिने वितळत नाही. त्या मुलखात ह्याचं घर. वैशाखात तिकडं येतो, शिपायाच्या घराच्या दगडी भिंतीतल्या फटीत घरटं करतो. मादी असते, पिल्लं होतात. पहाटे छपरावर बसून गातो. बर्फ पडायच्या आधी उतरून जातो, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा त्याच फटीत.

आज्जीनं विचारलं, "अंग को विभूती कौन लगाता?"

शिपाई हसला. म्हणाला, राख नाही ती. नव्या पिसांचा रंगच तसा, उतरताना असाच असतो.

आज्जी म्हणाली, दुसरा असेल. तो म्हणाला, एकच जात आहे माई, लहानपणापासून दर उन्हाळा मी ह्यांच्यातच काढला. मग तो आपणहून बोलला ते हे. घरून निघाला तेव्हा हे पक्षी उतरायला लागले होते. त्याची आई दारात उभी होती. ती त्याला म्हणाली होती, हे खाली जातात ना, फौजेत गेलेल्या पोरांकडं जातात. तू जाशील तिथं माझा एक येईल. बघत राहा.

"मैं हँसा था उस पर," शिपाई म्हणाला. "देखो, आ गया."

तो भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. लंगडा उडाला नाही. वाकला, शेपूट थरथरवलं. आज्जी म्हणायची, "त्या माईचं खरं झालं बग. तिचा पक्षी तिच्या लेकाजवळ आला. माझ्याच भितीवर आला, पर तिच्या लेकाजवळ. आन् म्या इतकी वरसं त्येला माझ्या लेकाचा समजून बसले हुते." जाताना तिनं त्याला विभूतीची एक गोळी दिली, आईला दे म्हणून. नाव विचारायचं राहून गेलं. ह्याची तिला शेवटपर्यंत हळहळ वाटली.

आई विहिरीवरून आली तेव्हा शिपाई गेला होता. तो काय बोलला ते फक्त आज्जीला ठाऊक होतं. आज्जीनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर गावाला, पंचांना, महांतप्पाला कधी कळलं नसतं. लंगडा भिंतीवर होता. रीत चालू राहिली असती. आणि तिचा लेक जिवंत राहिला असता, निदान तिच्यापुरता. मी तिला एकदा विचारलं, गप्प बसावंसं वाटलं नाही का? म्हणाली, "बसले की. चार दिस बसले. जेवले बी न्हाई धड." त्या चार दिवसांत कस्तुराबाई बांगड्यांची पेटी घेऊन येऊन गेली. आज्जी दारातूनच म्हणाली, "आज नगं." आईला नवल वाटलं, पण विचारायची सोय नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी आई शेण घेऊन आवारात गेली. आज्जी राखेची परात पुढं घेऊन बसली होती. शेजारी पाटावर तीन उंडे होते, मुठीएवढे, बोटांच्या ठशांचे. चौथा तिच्या हातात होता. गावात कुणी आजारी नव्हतं, कुणाकडून सांगावा आला नव्हता.

"आत्याबाई, कोन गेलं?" आईनं विचारलं.

आज्जीनं उंडा पाटावर ठेवला. "आपला शिवलिंग," ती म्हणाली.

आईच्या हातातली पाटी खाली पडली. "कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. कुनी सांगाय येनारच न्हाई, चन्ने. आपलं आपुनच समजायचं असतं. म्या समजून घेतलं न्हाई." मग शिपायानं सांगितलेलं सगळं तिनं सांगितलं. "ह्यो मल्लय्या न्हाई. कुटल्या तरी लांबच्या मुलखातला पावना हाय. त्येला आपलं कायबी ठावं न्हाई. त्येच्या जिवावर तुजा जलम म्या कोंडून ठिवला."

आई म्हणायची, तिला रडू फुटेल असं वाटलं होतं, पण फुटलं नाही. ती आज्जीसमोर बसली आणि परातीतली राख मळायला लागली. दोघींनी मिळून उंडे पुरे केले. तेव्हा कुठं आज्जी रडली. राखेच्या हातांनी तोंड झाकून, मोठ्यानं, गाव गोळा होईल इतकं. भिंतीपलीकडून कुणीतरी विचारलं, "कोन गेलं?" ह्या वेळी आईनं उत्तर दिलं.

उंडे झाले, पण खड्डा नव्हता. ज्याच्यासाठी वळले तो कुठं बसलाय मातीत, कुणाला माहीत? आज्जीनं ते वाळवून एका मडक्यात भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं आढ्याला टांगून ठेवलं.

नवरा गेल्यावर बांगड्या फोडतात. बायका जमल्या होत्या, एकीनं आईचा हात धरला. आज्जी उठून मधे आली. "फोडायच्या न्हाईत. म्या भरल्यात, म्याच काढीन." तिनं आईच्या हाताला तेल लावलं आणि एक एक बांगडी सोडवून घेतली. कस्तुराबाई दाबून भरायची तशी दाबून नाही. हळू, वेळ लागला तरी. एकही फुटली नाही.

दिवाळीला महांतप्पा आला, तेव्हा आज्जी स्वतः पंचांसमोर गेली. बायका तिथं बोलत नसत. ती बोलली. "माझा लेक गेला. सून मोकळी हाय. तिची उडकी लावायची हाय." पंच म्हणाले, बरं झालं, एखाद्या रात्री उरकून टाकू. उडकी तेव्हा अंधारातच लागायची, दिवा बारीक करून, कुणाच्या नजरेला नको म्हणून. आज्जी म्हणाली, "चोरी केली का काय तिनं? माझ्या दारात लागंल. दिसाढवळ्या." तशीच लागली. कस्तुराबाईनं बांगड्या भरल्या, आणि पैसे आज्जीनं दिले. माझे वडील सांगायचे, लग्नात ते आज्जीच्या पाया पडले तेव्हा तिनं त्यांच्या कपाळाला विभूती लावताना हात इतका दाबला की कपाळ दुखलं.

मग आई ईटला आली. माझा जन्म तिथला. पण बाळंतपणाला आई आळंदला गेली नाही, जळकोटला गेली. सासर सुटलं आणि तेच तिचं माहेर झालं. दर दिवाळीला आम्ही जायचो. आज्जी तशीच होती, आल्या आल्या माझ्या वेणीला नावं ठेवायची, वडिलांना "खाऊन वाळलास का रं?" म्हणायची. लंगडा त्यानंतर एक-दोन वर्षं दिसला, मग दिसला नाही. दुसरे येत राहिले. पक्षी भिंतीवर बसला की आज्जी काम थांबवून म्हणायची, "आला बग त्या माईचा." मी लहान असताना मला वाटायचं, माई म्हणजे कुणी देवी असेल.

आज्जी गेली ती मार्गशीर्षात. तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. सांगावा आला तशी आम्ही तिघं मिळेल त्या गाडीनं जळकोटला पोहोचलो. घराण्यात विभूतीचे उंडे वळणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई सरळ मागच्या आवारात गेली, परात घेतली आणि उंडे वळले, बोटांच्या ठशांचे. भिंतीवर थिरथिरा होता, पण तिनं वर बघितलं नाही.

खड्डा खणून झाला. आज्जीला बसवलं, हातात तिचं लिंग दिलं. आईनं बेलाची पानं घातली, उंडे ठेवले. मग ती घरात गेली आणि आढ्याचं मडकं काढून घेऊन आली. फडकं कुजलं होतं. आतले उंडे तसेच होते, दगडासारखे घट्ट, त्यांच्यावर आज्जीच्या बोटांचे ठसे आणि आईच्या बोटांचे. शरणप्पा म्हातारा झाला होता. त्यानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. आई खड्ड्यात उतरली आणि तिनं ते सगळे एक एक करून आज्जीच्या मांडीवर ठेवले.

"घ्या आत्याबाई," ती म्हणाली, "तुमचा शिवलिंग."

माझे वडील हातात फावडं घेऊन बाजूला उभे होते. आई वर येईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी पायातलं काढून ठेवलं, फावडंही खाली ठेवलं, आणि पहिली माती दोन्ही हातांनी लोटली.